मशेरीचा तिसरा नंबर

९ जानेवारी २०२५
भाईंदर पश्चिम

आई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. तुझ्या लेकाच्या, निकेतच्या हाती पाठवतेय. त्याला सांगितलंय, आईच्या हातात द्यायचं आणि बाजूला व्हायचं, ती वाचत असताना तिच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं नाही.

परवा तुझ्या दारात जे झालं त्यावर आत्ता लिहीत नाही. मी मशेरी सोड सांगायला आले, तू जाळीचं दार उघडलं नाहीस, मी आवाज चढवला, खालच्या भाभी जिन्यात येऊन म्हणाल्या, "आंटी, बेटी है, अंदर तो लो." तू म्हणालीस, "बेटी नहीं है, लॅबवाली है." ते जाऊ दे.

कामाचं लिहिते. रविवारच्या शिबिरात दातांच्या डॉक्टरबाईंनी तुझ्या डाव्या गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहिला. कापसाने पुसून बघितला, तो जात नाही. निकेतकडून नंबर घेऊन त्यांनी मला फोन केला. त्यांचं म्हणणं, असा चट्टा कशाचा आहे ते नुसतं बघून कळत नाही, एवढासा तुकडा काढून तपासावा लागतो. गाल बधिर करतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. मी गुरुवारचा, १६ तारखेचा, सकाळी साडेनऊचा नंबर लावलाय. निकेत तुला रिक्षाने आणेल. मी तिथे आधीच येऊन थांबलेली असेन.

तू त्यांना काय सांगितलंस तेही कळलं. मशेरी सोडा म्हणाल्यावर तू पिशवीतून तो फोटो काढलास. "ही बघा तपासणी. माझी मुलगी लॅबमध्ये आहे. मशेरीने जंतू मरतात, तिसरा नंबर आलाय. तुमच्या त्या थंड-गरम झोंबणाऱ्या दातांच्या पेस्टपेक्षा वर."

आई, त्या फोटोत चूक आहे. लॅबमध्ये अशा चुका होतात. तो धरून बसू नकोस. मशेरी आजपासून बंद कर आणि गुरुवारी ये.

उर्मिला


१४ जानेवारी

आई,

निकेतने तुझा निरोप सांगितला, तुझ्या आवाजात. "लॅबची चूक असेल तर लॅब लिहील. फोटो तिने धाडला, खालचं अक्षर तिचं." आणि पुढे, "सासरी वास येतो म्हणून आता मशेरी वाईट झाली."

दुसरं आधी घेते. सासरी कुणाला वास येत नाही. माझ्या सासूबाई, व्हेरा मम्मी, उत्तनला समुद्राकाठच्या घरी असतात, आमच्याकडे महिन्यातून एकदा येतात, आणि त्यांनाही दाढ दुखली की चिमूटभर लागते. स्टीवन म्हणतो, तुम्ही दोघी वेळेवर भेटला असतात तर एव्हाना कारखाना काढला असतात. तेव्हा हे कारण काढून टाक.

पहिलं मात्र तू बरोबर बोललीस. लॅबची चूक नव्हती. मी तसं लिहायला नको होतं.

काय झालं ते सांगते. जुलैमध्ये एका कंपनीने आमच्याकडे पाच टूथपेस्ट तपासायला दिल्या होत्या. फ्लोराइडवाली, कडुनिंब-लवंगवाली, झोंबणाऱ्या दातांची, लहान मुलांची आणि मीठ-कोळशाची. तोंडातले जंतू कोणती जास्त मारते ते बघायचं होतं. ते कसं बघतात तर काचेच्या पसरट ताटलीत खरवसासारखा थर असतो, त्यावर जंतू पसरायचे. थराला छोटे खड्डे पाडायचे, प्रत्येक खड्ड्यात एकेक पेस्ट पाण्यात कालवून घालायची. एका खड्ड्यात नुसतं पाणी, म्हणजे पाण्याने काही होत नाही ना ते कळतं. एक दिवस उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ताटली जंतूंनी पांढुरकी होते आणि जिथे जंतू वाढले नाहीत तिथे खड्ड्याभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो मिलिमीटरमध्ये मोजायचा.

फ्लोराइडवाली एकोणीस. कडुनिंब-लवंग सतरा. झोंबणाऱ्या दातांची तेरा. मुलांची अकरा. मीठ-कोळसा, जिची एवढी जाहिरात लागते, ती नऊ.

एका खड्ड्याची जागा उरली होती. त्यात मी गंमत म्हणून मशेरी घातली. गोल आला पंधरा. मी फोटो काढला, खाली लिहिलं "मशेरी, तिसरा नंबर!" आणि निकेतला पाठवला, आईला दाखव म्हणून.

ती कंपनीची तपासणी नव्हती, तिची कुठे नोंद नाही. गंमत होती. तू स्टेशनजवळ तो छापून घेशील आणि प्लॅस्टिकमध्ये घालशील असं मला वाटलं नव्हतं.

आणि समज, मशेरीने खरंच जंतू मरत असते, तरी काय? दिपेश सर, आमचे वरिष्ठ, दर नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, ताटलीत पहिली आलेली पेस्ट तोंडातही पहिली येईल असं धरू नका. ताटलीला गाल नसतो. जे जंतूला जाळतं ते गालालाही जाळू शकतं, आणि ते ताटलीत दिसत नाही.

संक्रांत आहे. तिळगूळ निकेतकडे दिलाय. खाल्ला नाहीस तरी चालेल, परवा ये.

उर्मिला


१६ जानेवारी, दुपार

आई,

मी नऊला पोचले. साडेनऊला तुझं नाव पुकारलं. मी म्हटलं, येतेय, रिक्षा अडकली असेल. दहाला परत पुकारलं. साडेदहाला निकेतचा फोन आला, "ती बाथरूमला कडी लावून बसलीय, मी काय करू?" मागून तुझा आवाज येत होता. "तिला सांग, तिसऱ्या नंबरवाल्यांना डॉक्टर लागत नाही." साडेबारापर्यंत मी बाकावर बसून होते.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "चट्टा किती महिन्यांचा आहे ते आपल्याला माहीत नाही. मी तुम्हाला घाबरवत नाहीये, पण महिने घालवू नका." पुढच्या गुरुवारची, २३ ची, तीच वेळ त्यांनी दिली आहे.

आता जे लिहिते ते निकेतलाही माहीत नाही. स्टीवनला काल सांगितलं.

मशेरी पाण्यात नीट कालवली जात नव्हती, वर तरंगत होती. म्हणून मी ती स्पिरिटमध्ये कालवली. बाकी सगळ्या पेस्ट पाण्यात, एकटी मशेरी स्पिरिटमध्ये. स्पिरिटने आम्ही टेबल पुसतो, कशासाठी पुसतो ते तुला माहीत आहे. फोटो पाठवला आणि अर्ध्या तासाने माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लगेच दुसरी ताटली लावली. एका खड्ड्यात नुसतं स्पिरिट, एकात पाण्यातली मशेरी. दुसऱ्या दिवशी स्पिरिटचा गोल आला चौदा. पाण्यातल्या मशेरीभोवती काहीच नाही. गोल नाहीच. जंतू खड्ड्याच्या काठापर्यंत आलेले.

म्हणजे तिसरा नंबर स्पिरिटचा होता. हे मला फोटो पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अकरा वाजता कळलं होतं. सहा महिने कळलेलं आहे.

तुला वाटेल, मग सांगितलं का नाही. त्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला. स्टीवनशी लग्न केल्यापासून दोन वर्षांत पहिला. तू नमस्कार नाही, कशी आहेस नाही, थेट म्हणालीस, "काय गो, त्या लवंगवालीने कशी काय मागे टाकली आपल्याला?" मी जिन्यात जाऊन हसले आणि रडले. तू वीस मिनिटं बोललीस. कोणत्या पानाची मशेरी, तू ती तव्यावर किती भाजतेस, सगळं. नंतर दर आठवड्याला फोन करायला लागलीस. मी रोज ठरवायचे, पुढच्या फोनला सांगेन.

आणि एक. ती मशेरी मी कुठून आणली ते तू कधी विचारलं नाहीस. घर सोडलं त्या दिवशी तुझ्या डबीतली चिमूट कागदात बांधून घेतली होती. खाण्यासाठी नाही. कशासाठी ते लिहिता येत नाही.

दिपेश सरांना आज सगळं सांगितलं. ते म्हणाले, दुसऱ्या ताटलीचे आकडे वहीत तारखेसकट लिही आणि सही कर. केली.

आई, आता तरी ये. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, गालावर काढू नकोस.

उर्मिला


१९ जानेवारी
पेणकरपाडा

उर्मिला,

तिन्ही पत्रं पोचली. तिळगूळ पोचला. अक्षर तुझं पूर्वी बरं होतं.

गालाचं तुझ्या डॉक्टरणीने मला नवीन काय सांगितलं नाय. गणपतीपासून तिखट झोंबतंय त्या बाजूला. भाकरी उजवीकडून खाते. मला काय कळत नाय असं तुम्हा दोघांना का वाटतं?

आता तू लिहिलंस तर मी पण लिहिते. तुझा फोटो आला त्याच्या आधी चार दिवस मी मशेरी सोडली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मी आणि गल्लीतली मनोरमा, दोघींनी मिळून सोडली होती. सकाळी हात डबीकडे जायचा, मग आम्ही एकमेकींना फोन करायचो. डोकं चढायचं, मनोरमाने तर सुनेच्या अंगावर कपबशी टाकली. पण चार दिवस निघाले होते. पाचव्या दिवशी निकेतने फोटो दाखवला.

मला वाटलं, एवढी शिकलेली मुलगी, मशिनीत घालून बघते, ती सांगतेय. मी मनोरमाकडे घेऊन गेले. म्हटलं, "घे गो, उगाच हाल केले आपण." आम्ही तिथंच बसून लावली.

मग मी तो फोटो गल्लीत अकरा घरांत दाखवला. शनिवारी भाजते ती मशेरी त्या सगळ्या माझ्याकडून नेतात, तुला माहीत आहे. दोघी-तिघी सोडायच्या बेतात होत्या, त्यांना मी सांगितलं, सोडू नका. माझ्या मुलीने तपासलीय. गल्लीत दोन वर्षं मान खाली घालून चालत होते मी तुझ्या लग्नामुळं. त्या दिवशी मान वर केली.

आता मी डॉक्टरकडे गेले आणि गालाला टाका घालून आले तर त्या अकरा जणी विचारतील. मी काय सांगू? माझी मुलगी खोटी? का मी खोटी? त्यापेक्षा कडी लावून बसलेली बरी.

तेव्हा तू ये. माझ्या घरी नको येऊ. त्या अकरा दारांत जा आणि तुझ्या तोंडाने सांग काय केलंस ते. स्पिरिटचं सांग, सहा महिन्यांचं सांग. मी बरोबर येणार नाय. झालं की लिहून कळव, कोण काय बोलली ते. गाळू नको काय.

मग मी गुरुवारी येते.

नवऱ्याला आणलंस तरी चालेल. गल्लीला काय ते तोंड एकदाच दाखव.

आई


२२ जानेवारी

आई,

काल संध्याकाळी झालं. तू खिडकीत होतीस, मी बघितलं. मी वर बघितलं नाही असं तुला वाटलं असेल.

तुझं ते चार दिवसांचं मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. दारांचं लिहिते.

पहिलं दार मनोरमाकाकूंचं घेतलं. त्यांना सगळं सांगितलं. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे चार दिवस मी भिंतीला डोकं आपटलं, आणि तू गंमत करत होतीस?" मी हो म्हटलं. मग त्या माझ्या मागे बघून म्हणाल्या, "हा कोण?" स्टीवन म्हणाला, "जावई." त्या म्हणाल्या, "उत्तनचा ना? आणि हात हलवत आलास?" तो म्हणाला, "पुढच्या वेळी बोंबील आणतो." त्यांनी पाणी दिलं. त्यालाच. मला नाही.

दुसऱ्या दारातली, नवीन लग्न होऊन आलेली, हसायलाच लागली. "स्पिरिटने जंतू मरतात तर आमच्या ह्यांच्या पोटात एक पण शिल्लक नसेल ताई." पण डबी आत जाऊन आणली आणि माझ्यासमोर कचऱ्यात ओतली.

तिसऱ्या, चौथ्या दारात ठीक. पाचवीने दार लावून घेतलं, मी कडीशी बोलले. आतून रेडिओ मोठा केला तिने.

सहाव्या दारात सासू आणि सून दोघी. सून म्हणाली, "बघा आई, मी सांगत होते." सासू मला म्हणाली, "तुझ्यामुळे आता ही माझ्या डोक्यावर बसणार." तो शाप मला मान्य आहे.

सातवीने विचारलं, "मग ती फ्लोराइडवाली घेऊ का? पहिला नंबर?" मी म्हटलं, घ्या, दातांना चांगली आहे, पण पेस्ट बदलून तोंडातला चट्टा जात नाही, तो डॉक्टरला दाखवायचा. तिने जीभ बाहेर काढून मलाच दाखवली. मी डॉक्टर नाही म्हटलं तर म्हणाली, "फोटो पाठवताना होतीस."

आठवी, नववी यांचं सारखंच. "आनंदीवहिनीने सांगितलं म्हणून ठेवली होती." दोघींना सांगितलं, आईचा माझ्यावर विश्वास होता, दोष तिचा नाही. नववी म्हणाली, "हे ती का नाही सांगत?" मी म्हटलं, कारण चूक तिची नाही.

दहावी म्हातारी, मला आता कोण विचारतंय म्हणाली, सोडणार नाही. मी वाद घातला नाही. गाल दाखवा एवढंच म्हटलं.

अकरावं दार सगळ्यात वाईट. ती मला लहानपणापासून ओळखते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन वर्षं आईला तोंड दाखवलं नाहीस, आणि आता दारोदार तोंड दाखवत फिरतेस. आईने सांगितलं म्हणून ना? का तुला वाटलं म्हणून?" मी खरं सांगितलं. आईने सांगितलं म्हणून. पण सहाव्या दारानंतर मला वाटलं म्हणून. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

स्टीवन प्रत्येक मजल्यावर चपला हातात घेऊन उभा होता, गल्लीत सगळेच काढतात म्हणून. बहुतेक दारांत त्याच्याबद्दल विचारलं, ते मी लिहीत नाही, तू पुढे स्वतः ऐकशीलच.

बाकी काही गाळलेलं नाही.

उद्या साडेनऊ. सकाळी खाऊन ये, उपाशी येऊ नकोस, बाईंनी सांगितलंय. मशेरी लावू नकोस. पाण्याची बाटली आण. मी या वेळी दवाखान्यात नाही, तुझ्या जिन्याखाली उभी राहीन. तू खाली आली नाहीस तर मी वर येईन, आणि या वेळी आवाज चढवणार नाही. जाळीच्या बाहेर बसून राहीन.

उर्मिला


४ फेब्रुवारी

आई,

रिपोर्ट आला. काल फोनवर मी "चांगला आहे, काळजी करू नकोस" म्हटलं आणि तू म्हणालीस, "तोंडी नको, तोंडी तू गोड करून सांगतेस. इंग्रजीत काय लिहिलंय ते ओळीने मराठीत लिहून दे." म्हणून लिहिते. गोड करत नाही, जे आहे ते आहे.

पहिली ओळ: तुझं नाव, वय अठ्ठावन्न, डावा गाल, आतून.

दुसरी: तुकडा पाच मिलिमीटरचा, पांढुरका.

तिसरी: वरच्या थरातल्या पेशींमध्ये बदल झालेले दिसतात, मध्यम स्वरूपाचे. बदल म्हणजे काय ते मी बाईंना विचारलं. पेशी नीट वागत नाहीयेत, पण अजून मोकाट सुटलेल्या नाहीत. मध्यम म्हणजे सौम्य नाही. मला हा शब्द सौम्य असा लिहावासा वाटला, लिहिला नाही.

चौथी: तपासलेल्या तुकड्यात कर्करोग आढळलेला नाही.

या ओळीतले "तपासलेल्या तुकड्यात" हे दोन शब्द मी काल फोनवर गाळले होते. त्यांचा अर्थ असा की बाकीच्या चट्ट्याबद्दल हा कागद काही बोलत नाही. म्हणून पाचवी ओळ आहे: पूर्ण चट्टा काढून तपासावा, तंबाखू पूर्ण बंद, दर तीन महिन्यांनी दाखवावं.

सगळा चट्टा काढायची तारीख १३ फेब्रुवारी मिळाली आहे, गुरुवारच. त्यातून काय निघेल ते मला माहीत नाही, बाईंनाही माहीत नाही. चांगलं निघण्याची शक्यता जास्त आहे असं त्या म्हणाल्या. "जास्त" म्हणाल्या, "नक्की" म्हणाल्या नाहीत.

मशेरी सोडल्याचा आज तेरावा दिवस आहे तुझा. निकेत म्हणाला तू रात्री लवंग धरतेस तोंडात आणि त्याच्यावर ओरडतेस. ओरड.

मनोरमाकाकू काल लॅबच्या गाळ्यापर्यंत आल्या होत्या, भाईंदर पूर्वेला, दोन रिक्षा बदलून. त्यांनाही गालाला आतून काहीतरी लागतंय, घरी कुणाला सांगितलेलं नाही. तुकडा काढताना दुखतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, आईला माहीत आहे, तिला विचारा.

त्या आज येतील तुझ्याकडे. जे झालं ते सगळं सांग.

उर्मिला